पडद्यावरची ओळ आणि नोंदवहीतली ओळ

"सर, प्रोग्राम चालत नाही." संगणक प्रयोगशाळेत हे वाक्य मला रोज ऐकायला मिळतं. पडद्यावर काय लिहून आलं होतं, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं: "काहीतरी एरर आली होती सर, मी खिडकी बंद केली." म्हणजे संगणकाने आपलं दुखणं सांगितलं होतं, पण ते ऐकणारा निघून गेला आणि लिहून कोणीच घेतलं नाही.

रात्रीच्या पहाऱ्यावर संत्री दोन कामं करतो. काही दिसलं तर लगेच हाक देतो, आणि नंतर तीच गोष्ट वेळेसकट गार्ड रूमच्या रजिस्टरमध्ये नोंदवली जाते. हाक आता हजर असलेल्यांसाठी असते, नोंद उद्या येणाऱ्यासाठी. एरर मेसेजचंही तसंच आहे. तो दिसलाही पाहिजे आणि टिकलाही पाहिजे.

कमांड लाइनवर, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला बाहेर बोलण्यासाठी दोन वाटा असतात. क्रमांक १ ची वाट उत्तरासाठी आणि क्रमांक २ ची तक्रारीसाठी. (० क्रमांकाची वाट आत येणाऱ्या माहितीची.) दोन्ही वाटांवरचा मजकूर एकाच पडद्यावर येतो, म्हणून नवशिक्याला फरक जाणवत नाही. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात तक्रारीला वेगळी वाट नव्हतीच. बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकात मजकूर फोटोटाइपसेटरवर पाठवला जाई, तेव्हा 'फाइल उघडता आली नाही' असली ओळ पडद्यावर न येता सुबक टायपात छापूनच बाहेर पडायची. कागद वाया गेल्यावर कळायचं. त्यातून तक्रारीची वाट वेगळी झाली. म्हणून स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये एरर लिहिताना तिच्यापुढे >&२ जोडा, म्हणजे ती क्रमांक २ वरून जाईल. (कळफलकावर हे आकडे आणि पुढच्या सगळ्या आज्ञा अर्थातच रोमनमध्ये.) काही छात्र पडदा स्वच्छ दिसावा म्हणून क्रमांक २ ची सगळी वाट 'डेव्ह नल' नावाच्या अंधाऱ्या विहिरीत सोडतात. हे मला अजिबात पसंत नाही.

आता नोंदीचा साचा. आमच्याकडे रोज रात्री दीड वाजता छात्रांच्या प्रकल्पांच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली जाते. त्या वेळी पडद्यासमोर कोणीही नसतं. डिस्क भरली आणि स्क्रिप्टने नुसतं 'एरर' एवढंच म्हटलं, तर ते कोणासाठी? पहिली डिस्क बंद पडेल त्याच दिवशी कळेल की दुसरीवर काही उतरलेलंच नाही, आणि तो दिवस प्रकल्प सादर करायच्या आदल्या दिवशीचा असू शकतो. म्हणून नोंद अशी हवी:

२०२५-०८-१४ ०१:३०:०७ +०५:३० | लॅब-सर्व्हर | प्रत-स्क्रिप्ट | एरर | दुसऱ्या डिस्कवर जागा नाही. ३१२ पैकी २७५ फाइली उतरल्या

केव्हा, कुठल्या यंत्रावर, कोणी, किती गंभीर, आणि नेमकं काय. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. 'काहीतरी बिघडलं' ही नोंद नव्हे. तारखेत वर्ष आधी का, असा प्रश्न छात्र हमखास विचारतात, कारण सैनिकी संदेशांच्या डेट-टाइम ग्रुपमध्ये दिवस आधी येतो. माणसाला ते सोयीचं आहे. संगणक मात्र ओळी अक्षरक्रमाने लावतो. दिवस आधी असेल तर ५ सप्टेंबर हा १४ ऑगस्टच्या वर जाऊन बसतो. हा साचा 'प्रिंटएफ' वापरून एका छोट्या फंक्शनमध्ये एकदाच लिहावा आणि सगळ्या स्क्रिप्टने तोच वापरावा.

गांभीर्याच्या पायऱ्या नव्याने शोधायची गरज नाही. सिसलॉग ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या टपाल-प्रोग्रामसाठी तयार केली. तिच्यात ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत: आणीबाणी, तातडीचा इशारा, अतिगंभीर, एरर, सावधान, दखल, माहिती आणि तपासणी. आकडा जितका लहान तितका धोका मोठा. फ्लॅश, इमीजिएट, प्रायॉरिटी, रूटीन शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक संदेश फ्लॅशने पाठवला तर खरा फ्लॅश रांगेत अडकतो.

लिनक्सवर 'लॉगर' ही आज्ञा मेसेज सिसलॉगमध्ये टाकते. तिला 'डॅश पी'ने पायरी, 'डॅश टी'ने स्क्रिप्टचं नाव सांगता येतं, आणि 'डॅश एस' जोडलं की तीच ओळ तक्रारीच्या वाटेने पडद्यावरही येते. हाक आणि नोंद एकाच आज्ञेत. विंडोजवर हेच नोंदीचं काम 'इव्हेंटक्रिएट' करते.

दुसरा मार्ग 'टी' या आज्ञेचा. नळकाम करणारे ज्याला टी म्हणतात, त्याच जोडावरून तिचं नाव पडलं. एक धार पडद्यावर, दुसरी फाइलमध्ये. मात्र दोन गोष्टी सांभाळा. 'डॅश ए' लावला नाही तर जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. दुसरी खोच बारीक आहे. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा देते: ० म्हणजे काम फत्ते, बाकी काहीही म्हणजे अपयश. नळ जोडला की बॅश शेवटच्या आज्ञेचा आकडा धरते, आणि शेवटी तर टी आहे, जिने आपलं काम चोख केलं! म्हणजे प्रत काढणं फसलं तरी निकाल '०'. यासाठी स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'पाइपफेल' हा पर्याय चालू करावा.

पासवर्ड मात्र लॉगमध्ये कधीही जाऊ देऊ नका. ती फाइल बरेच जण वाचतात.

निदान वाचायला तरी हवी. आमच्याकडे ड्यूटीवरचा छात्र सकाळच्या तासाआधी 'जर्नलसीटीएल'ने रात्रीच्या फक्त एरर आणि त्याहून गंभीर ओळी काढतो. बहुतेक दिवशी एकही नसते. असली की, खिडकी बंद करण्याआधी तो ती अक्षरशः उतरवून माझ्या टेबलावर ठेवतो.