टिपकणाऱ्या नळीचे निदान

गच्चीवरील टाकीची ओव्हरफ्लोची नळी टिपकू लागली की आपण प्लंबरला बोलावतो, तो बॉलकॉक बदलतो, आणि पुष्कळदा टिपकणे थांबतेही. परंतु थांबले नाही तर? अशा वेळी पान्याआधी विचार चालवावा लागतो. खासबागेतील आमच्या शेजारच्या घरी मला हे पाहावयास मिळाले.

प्रथम रचना ध्यानात घेऊ. ज्या घरी लाकडाच्या बंबाची जागा सौरबंबाने घेतली आहे, तेथे बहुधा दोन टाक्या असतात : वर थंड पाण्याची, तिच्याखाली गरम पाण्याची. थंड टाकीच्या तळातून निघालेली नळी गरम टाकीला पाणी पुरवते. थंड टाकीत नळाचे पाणी बॉलकॉकमधून येते. पातळी चढली की पोकळ गोळा तरंगत वर येतो आणि त्याचा दांडा तरफेप्रमाणे रबरी वायसर पाण्याच्या वाटेवर दाबून धरतो. गोळ्याला छिद्र पडले, वायसर झिजला किंवा वाळूचा कण मध्ये अडकला, तर पाणी झिरपत राहते व ओव्हरफ्लो टिपकतो. हे पहिले कारण.

दुसरे कारण उष्णतेचे. पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की सुमारे दीड टक्क्याने प्रसरण पावते. म्हणजे २०० लिटरच्या टाकीत तीन लिटर पाणी जास्तीचे होते. ते पुरवठ्याच्या नळीतून वर थंड टाकीत सरकते. तेथील पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाशीच असेल तर उन्हाच्या वेळी नळी टिपकते व रात्री थांबते. यात काही मोडलेले नसते. गोळ्याचा दांडा थोडा खाली घेऊन पातळी चार बोटे उतरवली की झाले.

शेजारच्या काकूंकडे बॉलकॉक दोनदा बदलून झाला होता. टिपकणे चालूच होते, गच्चीखालच्या भिंतीला ओल धरली होती, आणि सकाळचे पाणी पूर्वीइतके कढत येत नाही अशीही त्यांची तक्रार होती. आम्ही टाकीत येणाऱ्या नळाची चावी पूर्ण बंद केली. टिपकणे थांबले. दोष बॉलकॉकचाच, असे कोणीही म्हणाले असते. पण चावी बंदच ठेवून नळाला पाणी येण्याची वेळ होऊ दिली, आणि पाणी येताच नळी पुन्हा टिपकू लागली! ऊन तर केव्हाच उतरले होते. याचा अर्थ नळाचे पाणी दुसऱ्याच वाटेने टाकीत चढत होते.

ती वाट न्हाणीघरात सापडली. तेथील मिक्सरला गरम पाणी टाकीतून येत होते, पण थंड पाण्याची जोडणी थेट रस्त्यावरच्या नळाला होती. हातात धरावयाच्या शॉवरचे बटण तेवढे बंद केले जाई. मिक्सरच्या दोन्ही तोट्या उघड्याच राहत. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो असतो. गच्चीवरच्या टाकीचा दाब थोडा, नळाचा अधिक. त्यामुळे थंड पाणी मिक्सरमधून उलटे गरम नळीत शिरून वर जाई, गरम टाकी निववी आणि थंड टाकी भरून वाहवी. दोन तक्रारींचे मूळ एकच निघाले. तोट्या बंद करताच टिपकणे थांबले. कायमचा उपाय म्हणून मिक्सरला थंड पाणीही गच्चीवरच्या टाकीतूनच दिले, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला.

हा विषय क्षुल्लक वाटेल. पण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी होते. बेळगावला हे पाणी राकसकोप व हिडकलहून आणावे लागते. २००८ साली शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला. जेथे नळाला अखंड दाब आहे, तेथे असा दोषही अहोरात्र चालू राहतो.

तेव्हा आपल्या घरची नळी टिपकू लागली तर आधी तीन गोष्टी पाहाव्यात : ती केव्हा टिपकते, कोणती चावी बंद केल्यावर थांबते, आणि ती चावी बंद असतानाही पुन्हा टिपकते का. एका वेळी एकच चावी फिरवावी. दोन एकदम फिरवल्या तर टिपकणे थांबेल, पण कशाने थांबले ते कळणार नाही.