हमिंगबर्ड थांबतो, म्हणून जगतो

‘हमिंगबर्डचे पंख थांबले की तो मरतो. म्हणून आयुष्यात कधीच थांबू नका.’ उगवत्या सूर्याच्या चित्रावर छापलेला हा सुविचार मोबाईलवर पुन्हा पुन्हा येतो. शाळेच्या फळ्यावर तो वाचला आहे, व्याख्यानांत ऐकला आहे, मुलांच्या निबंधातही पाहिला आहे. तो साफ खोटा आहे. या पक्ष्याच्या जगण्याचं खरं रहस्य बरोबर याच्या उलट आहे, आणि तेच मुलांपासून दडून राहतं, म्हणून राग येतो.

आधी साधी गोष्ट. हमिंगबर्डला पाय असतात आणि तो बसतो. दिवसातला बहुतेक वेळ तो फांदीवर बसूनच काढतो. का, ते जेअर्ड डायमंड, लिन कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. प्यायलेला रस आधी गळ्याशी असलेल्या पिशवीत साठतो आणि ती निम्मी रिकामी व्हायला सुमारे ४ मिनिटं लागतात. तोवर पुढच्या फुलाकडे धावून उपयोग नसतो, म्हणून पक्षी स्वस्थ बसतो.

पण हे झालं दिवसाचं. या सुविचाराचं खरं उत्तर रात्री मिळतं, तेही पेरू देशात, अँडीज पर्वताच्या उंच उतारांवर. तिथे ब्लॅक मेटलटेल नावाचा हमिंगबर्ड राहतो. काळपट अंग, गळ्यावर हिरवी चमक, धातूसारखी झळाळणारी शेपटी, वजन जेमतेम ६ ग्रॅम. झुडपांनी भरलेले उतार, पॉलिलेपिस नावाच्या वाकड्यातिकड्या झाडांची राई आणि त्यांना लागून पसरलेली गवताळ माळरानं हा त्याचा मुलूख. उष्ण कटिबंध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घामाघूम करणारं जंगल येतं, पण एवढ्या उंचीवर रात्री पारा शून्याजवळ उतरतो.

आता त्याच्या जागी स्वतःला ठेवून हिशेब करा. एवढंसं अंग भराभर उष्णता गमावतं. दिवसा त्याचं तापमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास असतं. अंधारात फुलं शोधता येत नाहीत, म्हणजे नवं इंधन मिळणार नाही. रात्रभर शरीर तसंच तापलेलं ठेवायचं म्हटलं, तर उजाडेपर्यंत साठा संपण्याचा धोका. मग तो काय करतो? शरीराची भट्टी जवळजवळ विझवतो. या गाढ सुप्तावस्थेला शास्त्रज्ञ ‘टॉर्पर’ म्हणतात.

ज्यांना हे खरं वाटत नाही त्यांनी ब्लेअर वुल्फ, अँड्र्यू मॅकेक्नी आणि सहकाऱ्यांचा २०२० साली ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये आलेला अभ्यास पाहावा. पेरूमध्ये सुमारे ३,८०० मीटर उंचीवर त्यांनी सहा जातींच्या २६ हमिंगबर्डचं तापमान रात्रभर मोजलं. एका ब्लॅक मेटलटेलचं तापमान ३.३ अंशांपर्यंत खाली गेलं. घरातल्या फ्रिजमध्ये साधारण एवढाच गारवा असतो! शीतनिद्रा घेणारे सस्तन प्राणी वगळले, तर तोवर कुठल्याही पक्ष्यात किंवा सस्तन प्राण्यात इतकं कमी तापमान नोंदलं गेलं नव्हतं. उडताना मिनिटाला हजारावर जाणारे हमिंगबर्डच्या हृदयाचे ठोके या अवस्थेत पन्नासाच्या आसपास येतात. ज्या पक्ष्यांची सुप्तावस्था अधिक लांबली, त्यांचं वजन कमी घटलं, हेही याच अभ्यासात दिसलं. पहाटे छातीचे स्नायू थरथरवून पक्षी अंग पुन्हा तापवतो आणि फुलांकडे निघतो.

टॉर्परमधला हमिंगबर्ड कधी फांदीला उलटा लटकलेलाही सापडतो. हात लावला तरी हलत नाही, आणि पाहणारा समजतो की मेला. तो मेलेला नसतो. पंख थांबले, श्वास मंदावला, हृदय जवळजवळ थबकलं, आणि नेमकं त्यामुळेच तो उद्याची सकाळ पाहतो. इतकी विलक्षण गोष्ट हाताशी असताना खोटी गोष्ट सांगायची गरज का पडावी?

दिवसासुद्धा उंचावरचे हमिंगबर्ड उगाच पंख मारत राहत नाहीत. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, प्राणवायूही कमी. अँडियन हिलस्टार बहुतेक वेळा फुलांना किंवा फांदीला पायांनी धरून, बसूनच रस पितो. त्याचे पाय हमिंगबर्डच्या मानाने चांगले दणकट आहेत. रात्री तो कडेकपारींत आणि गुहांत आसरा घेतो. पेरूतल्या अशा गुहांबद्दल ऑलिव्हर पिअर्सन यांनी १९५३ सालीच लिहून ठेवलं आहे. ऑलिव्हेशियस थॉर्नबिल तर माळरानावर चक्क जमिनीवर चालत किडे टिपतो.

म्हणूनच या पक्ष्यांना फुलांइतकीच रात्री टेकायला आडोशाची जागा लागते. लाकूडफाटा, चराई आणि आगी यांमुळे पॉलिलेपिसची जंगलं आता तुकड्यातुकड्यांनी उरली आहेत. कधीच न थांबणाऱ्या पक्ष्याची गोष्ट ऐकून वाढलेल्या माणसाला या आडोशाचं मोल कसं कळावं?

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हमिंगबर्ड फक्त मधुरसावर जगतो, हे अर्धसत्य आहे. प्रथिनांसाठी तो किडे आणि कोळी खातो. चोच हा त्याचा स्ट्रॉही नव्हे. जिभेचं टोक दुभंगलेलं असतं, त्याच्या कडा रसात उलगडतात आणि बाहेर येताना रस पकडून मिटतात. अलेहान्द्रो रिको-गेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी २०११ साली हे दाखवून दिलं.

आणि ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड आला होता’ हे पुण्यात, नाशकात, गोव्यात कुणीही सांगितलं तरी तो हमिंगबर्ड नव्हता. हमिंगबर्ड आज फक्त अमेरिका खंडांत आणि त्यांच्या आसपासच्या बेटांवर आहेत. जर्मनीत त्यांचे सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळाले आहेत, पण आता तिथेही ते नाहीत. आपल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. संध्याकाळी फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने रस पिणारा, डोक्यावर दोन शृंगिका असलेला जीव दिसला, तर तो हॉकमॉथ जातीचा पतंग.