जखम भरून कशी येते? पेशींचा प्रवास आणि त्यांचीं सूक्ष्म द्वारें

वारणेच्या खोऱ्यांत तात्यासाहेब कोरे यांनीं उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोंवतीं वारणानगर वसलें. गळीत हंगाम सुरू झाला कीं त्या परिसरांतील उसाच्या फडांत कोयते चालूं लागतात. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी. ती नुसती ओढली गेली तरी हाताची कातडी चिरते. तोडणारा त्यावर चिंधी बांधतो आणि पुढची मोळी उचलतो. कांहीं दिवसांनीं पाहावें तों चीर बुजलेली असते. ती बुजविली कोणीं?

जखमेच्या जागीं नवी कातडी उगवते, ही समजूत अर्धीच खरी आहे. नव्या पेशी उपजतात खऱ्या. परंतु कडेच्या जुन्या पेशीही आपली जागा सोडून चिरेच्या मध्याकडे सरकूं लागतात. पेशीला ना पाय, ना डोळे. मग ती चालते कशी, आणि दिशा ओळखते कशी?

पेशीच्या आवरणांत प्रथिनांचीं अतिसूक्ष्म द्वारें असतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड यांचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, त्यांतून ये-जा करतात. म्हणून त्यांस आयनद्वारें म्हणावें. एकेका द्वारांतील प्रवाह मोजण्याची रीत नेहर व झाकमान या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९७६ सालीं दाखविली; त्यांस १९९१ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

सरकत्या पेशीच्या मागील भागांत कॅल्शियम वाढलें कीं तेथील पोटॅशियमचीं द्वारें उघडतात. पोटॅशियम व क्लोराइड बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी जातें, आणि ती बाजू आकसते. पुढील बाजूस क्षार व पाणी आंत येतें. आंतील तंतूंचा सांगाडा पुढें रेटतो, मागून ओढतो. आणि पेशी सरकते.

राहिला प्रश्न दिशेचा. अखंड त्वचेच्या दोन्ही बाजूंस विद्युद्दाबाचा फरक असतो. कातडी फाटली कीं तेथून क्षीण प्रवाह वाहूं लागतो. बर्लिनच्या द्यु बोआ-रेमों यांनीं १८४३ च्या सुमारास स्वतःच्या बोटाच्या जखमेवर तो मोजला. हा प्रवाह अनेक पेशींना वाट दाखवितो.

परंतु प्रत्येक द्वार प्रवासास साह्यच करतें असें नाहीं. ताण पडतांच उघडणारें ‘पिएझो-१’ हें द्वार २०१० मध्यें सांपडलें. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, त्वचापेशींतून तें काढून टाकल्यास जखम लवकर मिटते.

मग असें औषध सर्व शरीरास द्यावें काय? येथें सावधगिरी हवी. हेंच द्वार रक्तवाहिन्यांसही लागतें. शिवाय, जी चालण्याची शक्ति जखम भरते, तीच कर्करोगाच्या पेशीस मूळ गांठ सोडून दूरच्या अवयवांत नेते. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक डॉ. खानोलकर यांनीं ज्या रोगासाठीं आयुष्य वेंचलें, त्याचें खरें भय या प्रवासांतच आहे. म्हणून मधुमेही माणसाची न भरणारी जखम मिटविण्यासाठीं पेशीस चालविणें, आणि कर्करोगांत तिला थांबविणें, हीं दोन्ही कामें एकाच विद्येचीं आहेत. कोणतें द्वार, कोठें आणि किती वेळ उघडावें, हें ज्यास कळेल त्यासच तीं साधतील.