धाकट्याच्या ट्रकचं सस्पेन्शन

बारडोली म्हटलं की सगळ्यांना १९२८चा सत्याग्रह आणि वल्लभभाई आठवतात. माझं घर तिथेच आहे, त्यामुळे मला आधी ऊस आठवतो, आणि खानदेशातून तोडीला आलेल्या माणसांची अहिराणी. या नाताळच्या सुट्टीपासून आणखी एक गोष्ट आठवते: माझ्या हातून मोडलेला धाकट्या भावाचा रिमोटचा ट्रक. तो का मोडला आणि परत कसा चालू झाला, ते सांगते. विषय साहित्याचा नाही, पण चालवून घ्या.

ट्रक १:१० मापाचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश. भावाने दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला. तो तो कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर पळवतो. तिथली काळी माती वाळली की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात. त्यावर ट्रक चेंडूसारखा उसळायचा आणि वळणावर उलटायचा. "ताई, सस्पेन्शन बदलून दे ना," असं तो महिनाभर फोनवर म्हणत होता. मी शिकवणीच्या पैशांतून अ‍ॅल्युमिनियमचे चार शॉक अ‍ॅब्सॉर्बर मागवले. वर हौस म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे आर्मही मागवले. आर्म म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणारा, वर-खाली हलणारा हात.

आता सस्पेन्शन करतं काय? स्प्रिंग वजन पेलते आणि खड्ड्याचा दणका साठवते. पण साठवलेलं ती लगेच परतही करते, म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची गाडी उसळत राहते. उसळी मारायचं काम शॉकमधल्या तेलाचं. नळीत तेल असतं आणि त्यात बारीक भोकांचा पिस्टन. चाक हललं की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं, आणि दणक्याची ताकद उष्णता होऊन संपते. मोठ्या ट्रकच्या पाट्यांतही थोडं असंच होतं: पाटे एकमेकांवर घासतात आणि उसळी कमी होते. भावाच्या ट्रकच्या जुन्या प्लॅस्टिकच्या शॉकमध्ये तेल नव्हतंच, नुसती स्प्रिंग होती.

पहिली चूक तेलाची. शॉकचं तेल सिलिकॉनचं असतं. ते संपलं म्हणून मी मम्मीच्या शिलाई मशीनचं तेल भरलं. दोन दिवसांत आतल्या रबराच्या रिंगा फुगल्या, दांडा अडकायला लागला आणि तेल गळलं. सिलिकॉनच्या रिंगांना खनिज तेल चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

दुसरी चूक मोठी. नवे आर्म बसवून ट्रक बांधावरून उडवला. आर्मला ओरखडासुद्धा नाही, पण आर्म ज्यात बसतो तो चेसिसचा भाग मधोमध तुटला. भाऊ काही बोलला नाही, तुकडे उचलून घरी चालत गेला. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

पप्पा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये आहेत. तुकडा हातात घेऊन ते म्हणाले, "अगं, दणका कुठेतरी जाणारच ना? आर्म वाकेना, मग त्याने पुढचं तोडलं." जुना नायलॉनचा आर्म दणका बसला की थोडा वाकून परत सरळ व्हायचा. फारच झालं तर तोच तुटायचा, आणि तो स्वस्तात मिळतो. मी स्वस्त भाग वाचवला आणि महागाचा मोडला.

मग आम्ही दोघांनी मिळून परत काम केलं. चेसिसचा नवा भाग माझ्या पैशांतून, आर्म जुने नायलॉनचे, शॉक मात्र अ‍ॅल्युमिनियमचेच. तुम्ही कधी असं काम केलंत तर एवढं बघा. नवा शॉक पूर्ण ताणून वरच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत मोजा. माप जुन्याएवढंच हवं. लांब शॉक लावला तर चाक जास्त खाली लोंबतं आणि चाक फिरवणारा दांडा निसटू शकतो. तेल भरल्यावर पिस्टन हळूहळू वर-खाली करा, बुडबुडे वर येऊ द्या, मगच झाकण लावा. आत हवा राहिली तर शॉक नीट काम करत नाही. शॉक उभा लावला तर गाडी कडक होते, तिरका लावला तर नरम. स्प्रिंगवरची रिंग खाली फिरवली की गाडीची उंची वाढते, पण स्प्रिंग स्वतः कडक होत नाही. इथे बरेच जण फसतात. धातूत जाणाऱ्या स्क्रूला लॉकचं औषध लावा, प्लॅस्टिकला नको.

शेवटी ट्रक वीतभर उंचीवरून सोडून बघा. आमचा आधी तीन-चारदा उसळायचा. आता एकदा दबला, वर आला आणि थांबला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही परत कालव्यावर गेलो. ट्रक बांधावरून उडाला, चार चाकांवर पडला आणि पुढे गेला. भावाने रिमोट माझ्या हातात दिला. म्हणाला, "ताई, आता तू चालव. पण हळू."