चिप बनण्याआधीच तिची परीक्षा! हे मोफत टूल असं करा इन्स्टॉल

ॲपमध्ये चूक सापडली तर अपडेट येतं. चिपमधली चूक मात्र सिलिकॉनवरच कोरली जाते. १९९४ मध्ये पेंटियम प्रोसेसर काही भागाकार चुकवतो, हे उघड झालं आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. म्हणूनच चिपचं डिझाइन आधी कॉम्प्युटरवर तपासतात.

व्हेरिलॉग भाषेत लिहिलेल्या डिझाइनसाठी 'आयकॅरस व्हेरिलॉग' हे मोफत टूल आहे. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल आयव्हेरिलॉग' ही कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करा, पासवर्ड द्या. झालं इन्स्टॉल!

सुरुवात साध्या अँड गेटपासून करा. इनपुटच्या चारही जोड्या देऊन पाहा. दोन्ही इनपुट १ असतील तेव्हाच आउटपुट १ यायला हवं. उत्तर चुकलं? कोड सुधारा. इथे चुकीची किंमत शून्य आहे!