‘कूल’चा दुहेरी संसार

तरुणांच्या बोलीतले शब्द फार जगत नाहीत. आईवडिलांच्या तोंडी आले की मुलं ते टाकून देतात. इंग्रजीत ‘स्वेल’ असाच मागे पडला, ‘ग्रूव्ही’ही पडला. ‘कूल’ मात्र अजून चलनात आहे, तोही आपला शेकडो वर्षांचा जुना अर्थ न सोडता.

मूळ अर्थ गारव्याचा. त्यावरून तो स्वभावाला लागला: ‘कूल’ डोक्याचा माणूस म्हणजे थंड डोक्याचा. मात्र ‘कूल’ स्वागत म्हणजे पाहुणा आलेला फारसा रुचला नाही.

कौतुकाचा अर्थ वाढला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय जॅझ वादकांत. तो रूढ करण्याचं श्रेय बहुधा सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगला देतात. १९३०च्या दशकात कोलमन हॉकिन्सचा भारदस्त, घुमणारा सूर गाजत असताना यंग हलका, निवांत वाजवायचा. मंचावर डोळ्यांना काळा चष्मा. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीयाने उघड संताप दाखवणं जिवावर बेतू शकत होतं. आतली आग चेहऱ्यावर येऊ न देणं म्हणजे ‘कूल’ राहणं. असा माणूस मनात भरला, मग त्याचे कपडे, त्याचं संगीत, सगळंच ‘कूल’ झालं. मायल्स डेव्हिसची १९४९-५०मधली ध्वनिमुद्रणं १९५७मध्ये ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावाने एकत्र आली, तोवर शब्द तबकडीच्या वेष्टणावर मिरवण्याइतका प्रतिष्ठित झाला होता.

नवा अर्थ जुन्याच्याच मुळावर फुटला, म्हणून दोघं एका घरात नांदतात. आपल्याला ओळखीचा दाखला ‘कॅप्टन कूल’ धोनीचा. २०११मध्ये वानखेडेवर षटकार मारून विश्वचषक जिंकल्यावरही त्याचा चेहरा फारसा हलला नाही. हा थंडपणा जुन्या अर्थाचा, त्याचं अप्रूप नव्या अर्थाचं.

बोलताना अर्थ संदर्भावर ठरतो. नुसतं ‘कूल!’ म्हणजे ‘झकास’ किंवा ‘बरं, चालेल’. आणखी कॉफी हवी का, यावर ‘आय ॲम कूल’ म्हणजे ‘नको, पुरे’. लिखाणात सूर ऐकू येत नाही, तिथे जपून. ‘युवर रिप्लाय वॉज कूल’ असं साहेबांना ईमेलमध्ये लिहिलंत, तर ती दाद की तक्रार, हे साहेबच ठरवणार!