दुखणे थांबले, पण हाड अजून जुळायचे आहे

खालच्या जबड्यात दाढेचे इम्प्लांट बसवून आमच्या थोरल्या जाऊबाई पिंपरीच्या दवाखान्यातून थेट आमच्याकडे चिंचवडला आल्या. चाकणला गेल्या असत्या तर मोठ्या भाऊजींची तिसरी पाळी, मुलाचा सकाळचा डबा, पाण्याची वेळ, यातून त्यांना कोणी बसू दिले नसते. आणि खरे सांगायचे तर त्या स्वतःच बसल्या नसत्या!

आमचे हे मशीन शॉपमधले. म्हणाले, “बोल्ट बसवला, टॉर्क दिला, काम संपलं. आता आठ दिवस झोपायचं कशाला?”

त्यांचे अगदीच चूक नव्हते. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रूच; डॉक्टरही तो टॉर्क मोजूनच बसवतात. पण लोखंडात पाडलेले आटे तसेच राहतात, हाड मात्र जिवंत असते. स्वीडनमधल्या ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकाने 1952 साली सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे उपकरण बसवले. नंतर काढायला गेले, तर निघेचना. हाड त्याला घट्ट चिकटले होते! त्यावरूनच पुढे 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी इम्प्लांट बसवले.

हे चिकटणे एका दिवसात होत नाही. आधी स्क्रूभोवतीचे जुने हाड थोडे झिजते, मग त्या जागी नवे हाड भरते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास इम्प्लांटची पकड सर्वांत नाजूक असते. आणि नेमके तेव्हाच आपल्याला काही दुखत नसते. फसगत होते ती इथेच.

पहिले दोन दिवस

तोंडात दिलेला बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरावा. थुंकीत थोडे रक्त दिसले तर घाबरू नये, आणि सारखे थुंकूही नये. जोरात थुंकल्याने, चूळ भरल्याने किंवा नळीने सरबत ओढल्याने जखमेवरची रक्ताची गुठळी निघून येते. ओठ बधिर असेपर्यंत काही खाऊ नये, नाहीतर ओठच चावला जातो. बधिरपणा पूर्ण उतरण्याआधी डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घ्यावी.

गालावर बाहेरून बर्फ ठेवावा, पण फडक्यात गुंडाळून. दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, मग तेवढाच वेळ काढावा. आपल्याकडे दात दुखला की तवा तापवून शेक देण्याची सवय. पहिल्या दोन दिवसांत तो देऊ नये, सूज वाढते. लवंगेचे तेल, हळद यांतले काहीही जखमेत भरू नये. रात्री दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे. वाकून फरशी पुसणे, हंडे उचलणे, चुलीपाशी तासन् तास उभे राहणे बंद!

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग ओसरू लागते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याची गुळणी करावी. पाणी नुसते तोंडात फिरवावे आणि हळूच सोडून द्यावे. बाकीचे दात मऊ ब्रशने घासावेत.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले असेल, तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. ज्या पिंपरीत 1955 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले, तिथल्या बायकांना हे मी काय सांगावे! रक्त पातळ होण्याच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

खायचे काय?

पहिल्या दिवशी गार ताक, दही, शिजवून गार केलेले नाचणीचे सत्त्व. नंतर मऊ गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, दुधीचे सूप, कुस्करलेले केळे, मऊ उकडलेले अंडे. ठेचा, कच्चा कांदा, दाणे, चिवडा, तिळाची चटणी यांना रजा. बारीक दाणा टाक्यांत अडकला की त्रास. पुढेही त्या बाजूने कडक काही चावू नये. भाकरी डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

आणि एक डबी

चौथ्या दिवशी पहाटे मोरीत उजेड दिसला. पाहते तो जाऊबाई हातात डबी घेऊन उभ्या. मिश्रीची!

“ताई, अहो डॉक्टरांनी विचारलं होतं ना तंबाखूचं?”

“खाते का विचारलं. मी नाही म्हटलं. खाते कुठं गं मी? लावते. आणि पोरगा शेजारी बसलेला, त्याच्यासमोर काय सांगू?”

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचते आणि हाड जुळायचे राहते. शिवाय बोट घासल्याने टाके दुखावतात ते वेगळेच. तीस वर्षांची सवय. ती नसली की डोके दुखते, पोट साफ होत नाही, हे त्यांचे म्हणणे मी खोटे मानत नाही. पण इतका खर्च आणि इतका सोसलेला त्रास एका चिमटीसाठी पणाला लावायचा?

टाके काढायच्या दिवशी त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितले. मुलाला मी मुद्दाम बाहेर बसवले होते. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “हाड जुळेपर्यंत तरी नाहीच, आणि कायमची सुटली तर उत्तम.” खालच्या जबड्याला साधारण तीन-चार महिने, वरच्याला सहापर्यंत लागतात, वरचा दात त्यानंतर बसतो.

दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप आला, तीन दिवसांनंतर सूज वाढू लागली, पू आला, दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर राहिला किंवा इम्प्लांट हलल्यासारखे वाटले, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

याला दीड महिना झाला. डबी माझ्या फडताळात आहे. जाऊबाई फोनवर अधूनमधून विचारतात, “आहे ना गं अजून?” मी म्हणते, “आहे, पण मिळायची नाही.”

मैत्रिणींनो, डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारले तर ‘खाते’ आणि ‘लावते’ यांत फरक करू नका. मुलासमोर संकोच वाटत असेल, तर त्याला खुशाल बाहेर बसवा.